पाण्याचं वजन धरलं का?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत समुद्राची वस्तू शोधायला कुणी जात नाही. इथे रसायनं बनतात, औषधांचा कच्चा माल बनतो, कारखान्यांसाठी टाक्या आणि पाइपलाइनी बनतात. म्हणून एका फॅब्रिकेशनच्या गाळ्याबाहेर, डोक्याएवढे उंच आणि वरून पुढे झुकलेले स्टीलचे दोन सारखे खांब दिसले, तेव्हा पाय थांबले. बंगल्याच्या गेटला इतकी जाड नळी कुणी लावत नाही, आणि झोपाळ्याला इतकं पॉलिश कुणी करत नाही.

‘‘बोटीचं आहे,’’ आतून फिटर म्हणाला. ‘‘मोठ्या बोटीच्या पाठीमागे छोटी बोट टांगायला. डॅव्हिट.’’

लोकलच्या हिशेबाने अंबरनाथ सीएसएमटीपासून 60 किलोमीटर. तिथून आणखी पुढे, गेटवेच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका चाळीस फुटी मोटरबोटीसाठी हे काम चाललं होतं. मुंबईला इतका मोठा बंदरकिनारा असून खासगी बोटींना धक्क्याला लावून ठेवायची धड सोय नाही. बोट पाण्यात मुरिंगला बांधायची आणि तिच्यापर्यंत जायला दुसरी छोटी बोट लागते, तीच डिंगी. किहीम, काशीदला गेलात तरी तेच. मोठी बोट उथळ पाण्यात शिरत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंतचा फरक पडतो. भरतीला जिथे नांगर टाकला तिथे ओहोटीला तळ दिसू शकतो. तेव्हा डिंगी हवीच. प्रश्न असतो, प्रवासात ती ठेवायची कुठे?

आत्तापर्यंत या बोटीचा टांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ती दोरीला बांधून मागे ओढत होता. लाटेत दोरीला हिसका बसतो, मागे येताना दोरी पंख्यात जाते, आणि वळताना डिंगी आपल्याच बोटीच्या बरगडीत येऊन धडकते. मालकाला एकदाचं पटलं की काहीतरी बसवायला हवं. मग कॅटलॉग आले.

गाळ्यातल्या टेबलावर ते कॅटलॉग मी चाळले. चकचकीत कागद, निळं पाणी, पांढरी बोट आणि रिमोट हातात घेतलेला माणूस. सगळ्यांत वरचा प्रकार म्हणजे हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म. बोटीच्या पाठीमागचा अख्खा ओटाच खाली पाण्यात जातो, डिंगी त्यावर तरंगत येते आणि ओटा तिला घेऊन वर येतो. देखणं काम, पण तो ओटा स्वतःच काही शे किलोचा. चाळीस फुटी बोटीच्या शेपटाला एवढं वजन लावलं की नाक वर उठतं आणि डिझेल जास्त जाळावं लागतं. दुसरा प्रकार क्रेनचा. बोटीच्या छपरावर एक खांब, फिरणारा हात आणि विजेवर चालणारी विंच. डिंगी छपरावर सुरक्षित राहते, पण तेवढं वजन उंचावर जातं आणि बोट जास्त डुलते. शिवाय हवेत लोंबकळणारी डिंगी वाऱ्यात भिरभिरते, तिला दोन बाजूंनी दोऱ्या धरायला दोन माणसं लागतात. तिसरा प्रकार स्वस्तातला. मागच्या ओट्याला बिजागरीचे दोन चाप लावायचे आणि डिंगी कुशीवर उभी करून अडकवायची. त्यासाठी दर वेळी इंजिन उतरवावं लागतं. आणि चौथा म्हणजे हे जुन्या घाटाचे दोन हात, कप्पी आणि दोरी.

मालकाला प्लॅटफॉर्म हवा होता. किंमत ऐकून तो क्रेनवर आला. शेवटी हे दोन हात करायचं ठरलं, पण त्यांना विजेची विंच लावायची. म्हणजे निवड पैशाने झाली. फिटरला मात्र त्यात एका आकड्याची उणीव दिसत होती.

गाळ्यात त्याला सगळे मामा म्हणतात. बदलापूर गावातला आगरी माणूस, पन्नाशी ओलांडलेला. आयटीआय करून अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिस होता. तिथे कायम झाला नाही. या पट्ट्यात असे बरेच फिटर-टर्नर भेटतात. सरकारी कारखान्यात हात तयार झालेला आणि आयुष्य खासगी गाळ्यांत गेलेलं. मायक्रॉनची शिस्त अंगात असते आणि पगार मात्र गाळ्याचा.

मामांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. डिंगी साठ किलो. पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन छत्तीस किलो. पेट्रोलची टाकी, वल्ही, छोटा नांगर, दोरखंड मिळून चोवीस. बेरीज 120. मालकाने हाच आकडा दिला होता आणि 150 किलोचा डॅव्हिट पुरेल असं ठरवून टाकलं होतं.

‘‘पाण्याचं वजन धरलं का?’’ मामा म्हणाले.

टांगलेली डिंगी ही उघडी टाकी असते. तिचा आतला तळ साधारण दोन मीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटर रुंद. त्यात घोट्याएवढं, म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी साठलं की झाले 140 लिटर. 140 किलो. बोट, इंजिन, पेट्रोल सगळं मिळून होतं त्याहून जास्त. आणि हे पाणी एका जागी बसत नाही. बोट कलली की सगळं एका टोकाला धावतं. मग दोन हातांत वाटलेलं वजन बरंचसं एकाच हातावर येतं.

मालक फोनवर म्हणाला म्हणे, की पावसाळ्यात बोट पाण्याबाहेरच असते, मग पाऊस कुठून येणार? हे खरं आहे. जूनच्या आधी बोटी वर ओढतात. पण मान्सून मुंबईत एरवी 11 जूनच्या सुमारास येतो, तो 2025 साली 26 मे रोजीच दाखल झाला. ऑक्टोबरच्या संध्याकाळच्या पावसाचाही भरवसा नसतो. आणि पावसाच्या बाबतीत बदलापूरच्या माणसाला शिकवायला कुणी जाऊ नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि साधारण 1,050 प्रवाशांना एनडीआरएफ आणि इतर पथकांनी बाहेर काढलं. त्या बचावातल्या रबरी बोटी मामांनी जवळून बघितल्या होत्या. तेव्हापासून कुठलीही हवेची बोट दिसली की त्यांची नजर आधी तळाच्या बुचाकडे जाते. टांगलेल्या डिंगीचं बूच काढून ठेवायचं असतं आणि उतरवण्याआधी घट्ट बसवायचं असतं. बूच काढायचं राहिलं की डिंगीत पाणी साठतं, बसवायचं राहिलं की डिंगीच पाण्यात जाते.

‘‘माणूस बूच विसरणारच,’’ मामा म्हणाले. ‘‘विसरला तरी हात तुटला नाय पाहिजे. 140 धरायचेच.’’

म्हणजे 260. हाताच्या बुडाशी येणारा ताण तर निव्वळ वजनावर नसतोच, लांबीवरही असतो. मागचा ओटा ओलांडायचा म्हणून हात साठ सेंटिमीटरऐवजी एक मीटर वीस बाहेर काढला की तेच वजन बुडाला दुप्पट पिळतं. आणि ते बूड बसतं फायबरच्या भिंतीवर. त्या भिंतीच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा प्लायवूड किंवा फोम असतो. बोल्ट आवळला की ती आत दबते, पाणी शिरतं, लाकूड कुजतं. म्हणून भोक मोठं पाडून इपॉक्सी भरायचं, त्यात पुन्हा बोल्टचं भोक घ्यायचं आणि आतून जाड प्लेट द्यायची. कॅटलॉगच्या फोटोत ही आतली प्लेट कधी दिसत नाही. तिथे लिहिलेली क्षमता एका हाताची की जोडीची, हेही बारीक अक्षरात शोधावं लागतं. बहुतेकदा ती जोडीची असते.

नळी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, कुंभारवाड्यातून आणलेली. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. 304 दिसायला तसंच, भाव कमी, आणि लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. त्यामुळे बाजारात फसवणं सोपं. मामा नळी आल्याबरोबर तिच्यावर रसायनाचा थेंब टाकून रंग बघतात, मगच कापतात.

कापणं, वाकवणं, टॅक मारणं हे एका दिवसाचं काम. आर्गॉन मारणारा पोरगा बिहारचा, हात इतका स्थिर की वेल्डची लहर शिलाई मशिनच्या टाक्यासारखी सरळ पडते. खरी परीक्षा नंतरची. वेल्डच्या दोन्ही बाजूंना उष्णतेने निळा-तपकिरी पट्टा उमटतो. तो तसाच ठेवला तर समुद्रावर तिथूनच गंज धरतो. त्यावर पिकलिंग पेस्ट लावतात.

त्या पेस्टचा वास मला विसरता येत नाही. अंबरनाथमध्ये नाकाला सवय असते. वालधुनी नदी ओलांडताना, एमआयडीसीच्या वळणावर, रात्री उशिरा खिडकीतून, इथे वास हा पत्ता सांगतो. पण हा वास वेगळा. घशात काचेची पूड गेल्यासारखा. नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल. दुसरं तर कातडीतून आत जातं आणि हाडापर्यंत पोचतं. त्याला लगेच लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम असतं. ‘‘ते कुठे आहे?’’ मी विचारलं. ड्रॉवर उघडला गेला. त्यात व्हर्नियर होतं, अगरबत्तीचा पुडा होता, चहाची वही होती. ‘‘मागवलंय,’’ गाळ्याचे शेठ म्हणाले. पेस्ट लावणारा पोरगा रबरी हातमोजे घालून, तोंडावर साधा रुमाल बांधून ब्रश फिरवत होता. बोटीच्या पाठीमागे जो डॅव्हिट आरशासारखा चमकतो, त्याच्या चमकेचा खर्च कॅटलॉगमध्ये छापत नाहीत.

चाचणीच्या दिवशी कारंजाहून टांडेल आला. मालक आला नाही. मला हे बरं वाटलं, कारण या यंत्राशी रोज झटणारा माणूस टांडेलच होता आणि आत्तापर्यंत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो हातांभोवती फिरला, कप्प्या हाताने फिरवून बघितल्या आणि विजेच्या विंचवर येऊन थांबला.

‘‘मामा, ही बॅटरी बसली तर?’’

‘‘तर डिंगी वरच.’’

‘‘आन् बोटीत आग लागली तर?’’

मामांनी उत्तर दिलं नाही. बारा व्होल्टची विंच भाराखाली पन्नासच्या वर अँपिअर सहज ओढते. आणि डिंगीची खरी निकड पडते तेव्हा बहुतेक इंजिन बंद, पाणी आत आणि वीज गेलेली असते. जहाजांवरच्या जीवरक्षक नौकांचा आंतरराष्ट्रीय नियम हेच ओळखून लिहिला आहे. जहाज एका कुशीवर 20 अंश आणि पुढे-मागे 10 अंश कललं असलं तरी नौका उतरली पाहिजे, आणि तीही जहाजाच्या विजेवर अवलंबून न राहता. त्यांच्या डॅव्हिटची कारखान्यातली चाचणी कामाच्या वजनाच्या 2.2 पट भाराने होते. हौसेच्या बोटीवरच्या डिंगीला तो नियम लागत नाही. चाचणीपुरता मामांनी तो स्वतःहून लावून घेतला होता.

260 गुणिले 2.2, म्हणजे 572 किलो. सिमेंटच्या बारा गोण्या, 600 किलो. एकेका हाताला सहा-सहा गोण्या चेन ब्लॉकने टांगल्या. मग मामांनी एका हाताच्या दोन गोण्या काढून दुसऱ्याला चढवल्या. पाणी एका टोकाला धावल्यावर काय होईल ते बघायचं होतं. नळी किंचित झुकली. मामांनी टोकाशी उभ्या केलेल्या सळईवर खडूची खूण केली आणि चहा मागवला. चहा पिऊन गोण्या उतरवल्या, तर टोक मूळ खुणेवर परत आलेलं. बुडाच्या वेल्डवर लाल डाय लावून तडा बघितला. नव्हता.

मग विंच बाजूला ठेवून टांडेलने दोरीने ओढून बघितलं. प्रत्येक हाताला चार फेऱ्यांची कप्पी. सामानासकट पण पाणी नसलेल्या डिंगीचं निम्मं वजन, कप्पीने चौथा हिस्सा, घर्षणाची भर धरून वीसेक किलोचा ओढा. आधी नाक थोडं, मग शेपूट थोडं, असं एकट्यानेही वर जातं. पोटऱ्या पाण्यात, बोट डुलत असताना वेळ लागेल. पण जाईल. आणि उतरताना तर नुसती दोरी सोडायची. इंजिन आधी काढून मोठ्या बोटीच्या कठड्याला लावायचं, असंही टांडेलनेच सुचवलं. वरच्या 120 मधले छत्तीस तिथेच कमी झाले.

डिंगीचं ताडपत्री आवरण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एकेकाळी जीन्स शिवणाऱ्या जाड सुईच्या मशिनवर शिवून घेतलं. मध्ये उंचवटा राहील असा आधार देऊन, म्हणजे पाणी साठण्याआधीच घसरेल. शिवणाऱ्याने बोट आयुष्यात जवळून बघितली नव्हती. माप त्याने बरोबर घेतलं.

शेवटी मालकाला फोन गेला आणि बरीच घासाघीस होऊन विंच रद्द झाली. तिच्या वाचलेल्या पैशातून आतली प्लेट आठ मिलिमीटरची झाली. मला विचाराल तर हा व्यवहार आधीच व्हायला हवा होता, आणि टांडेल पहिल्या दिवशीच गाळ्यात यायला हवा होता. कुणी बोटवाले हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगणं आहे: डॅव्हिट घेताना कॅटलॉगवरचा आकडा एका हाताचा की दोन्हींचा ते लेखी घ्या, आपल्या डिंगीच्या वजनात पाण्याचे 140 मिळवा, आणि दोरी ज्याला ओढायची आहे त्याला सोबत न्या. आणि ते कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम अजून आलेलं नाही. शेठ, ते आधी आणा.