यिर्मयाचं झाड आणि नाताळचा गोठा

‘ख्रिसमस ट्रीला बायबलातच बंदी आहे’ हा शोध दर डिसेंबरात नव्याने लागतो. पुरावा म्हणून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायाचा हवाला दिलेला असतो, त्यामुळे वाचणारा जरा दबकतो. पुढचं वाक्यही ठरलेलं: झाड, तारे, हिरव्या माळा हे सगळं मूळचं पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व मूर्तिपूजकांचं, ख्रिस्ती श्रद्धेशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा निरोप नाताळला नाकं मुरडणारे धाडतात, तसेच कडवे ख्रिस्तीही धाडतात. तो अध्याय उघडून बघण्याची तसदी मात्र फारसं कुणी घेत नाही.

उघडला तर काय दिसतं? कुणीतरी रानातलं झाड तोडतो, कारागीर ते हत्याराने घडवतो, सोन्यारुप्याने मढवतो आणि डळमळू नये म्हणून खिळे ठोकतो. इथे वाचन थांबवलं तर नाताळचं झाड डोळ्यांपुढे येणारच. पण लगेच पुढे संदेष्टा म्हणतो, की ही वस्तू काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारखी मुकी आहे, तिला चालता येत नाही म्हणून उचलून न्यावं लागतं. आणखी चार ओव्या खाली गेलं तर तिला निळी-जांभळी वस्त्रंही नेसवलेली आहेत. नाताळच्या झाडाला वस्त्रं कोण नेसवतं? यिर्मया बोलतो आहे लाकडाच्या मूर्तीबद्दल. शिवाय तो येशूच्या सुमारे सहाशे वर्षं आधीचा. ज्याचा जन्मच व्हायचा होता त्याच्या जन्मदिवसाच्या सजावटीवर त्याने बंदी कशी घालावी?

पेगन मुळाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. रोमन लोक सणासुदीला दारावर हिरव्या डहाळ्या लावत, दिवे पाजळत. इ.स. २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने आपल्याच लोकांची त्यावरून खरडपट्टी काढली होती. मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षा ख्रिस्ती दारांवरच दिवे आणि डहाळ्या जास्त, असा त्याचा संताप. पण त्या डहाळ्या आणि नाताळच्या झाडाची नोंद यांच्यात तेराशे वर्षांचं अंतर आहे, आणि ते जोडणारा कागद कुणी दाखवत नाही.

झाडाची कागदोपत्री नोंद सापडते ती फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतात. सेलेस्टा गावच्या १५२१च्या हिशेबात नाताळासाठीची झाडं राखणाऱ्या वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याचं लिहिलं आहे. म्हणजे लोक झाडं चोरून नेत होते! १६०५च्या स्ट्रासबूर्गच्या वर्णनात घरात उभ्या केलेल्या झाडाला कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या आणि मिठाई टांगलेली आहे. चोवीस डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकांत एदेन बागेतलं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं सदाहरित झाड रंगमंचावर येई. घरातलं झाड तिथूनच आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पुढे हे झाड प्रामुख्याने लुथरपंथी घरांत रुजलं. कॅथलिकांनी ते बराच काळ परकंच मानलं, आणि व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते थेट १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. तेव्हा झाड म्हणजेच ख्रिस्ती श्रद्धेची खूण, हे म्हणणंही तितकंच कच्चं. कॅथलिक घरातली खरी खूण वेगळी आहे: येशूच्या जन्माचा गोठा.

१२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तिच्यात गवत भरलं, बैल आणि गाढव आणून उभे केले. बाळ येशूने सोसलेली गैरसोय स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, असं त्यांचं मागणं त्यांचा पहिला चरित्रकार, सेलानोचा थॉमस, नोंदवतो. त्या रात्री तिथे पुतळे नव्हते. गव्हाणीपाशी मिस्सा झाली, बस्स. सजावट आणि श्रद्धा वेगळ्या काढायच्या तर इथे सुरी कुठे घालणार?

हाच गोठा घरात कसा टिकला हे पाहायला दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला जावं. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चेस बंद झाली, सार्वजनिक देखावे थांबले, तेव्हा तिथल्या लोकांनी घरातच मातीच्या छोट्या बाहुल्या मांडल्या. मार्सेयच्या झाँ-लुई लान्येलने त्यांचे साचे केले, १८०३पासून तिथे त्यांची जत्रा भरू लागली. या ‘सांतों’मध्ये मरिया-योसेफांच्या जोडीला मासेवाली आहे, गिरणीवाला आहे, चाकूला धार लावणारा आहे. बाळ आपल्याच गावात जन्मलं, असा तो भाव. प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला बशीत गहू पेरतात, नाताळापर्यंत हिरवे कोंब येतात.

गोव्यातही ख्रिस्ती घरांत असंच चालतं. डिसेंबरात उथळ ताटलीत माती पसरून नाचणी किंवा गहू दाट पेरायचा, रोज पाणी शिंपडायचं आणि कोंब बोटभर वाढले की गोठ्यापुढे शेत म्हणून मांडायचं. कौलारू घर, विहीर, नारळाची झाडंही त्यात येतात. गव्हाणी मात्र बऱ्याच घरांत रिकामीच ठेवतात. बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात ती चोवीसच्या रात्री. दारात टांगलेला कामट्यांचा तारा मत्तयच्या शुभवर्तमानातला. हे सगळं ‘पाश्चात्त्यांचं अनुकरण’ म्हणणाऱ्याने आधी त्या ताटलीतली नाचणी बघावी.

सजावटीच्या विरोधात बोलायचंच असेल तर खरा आधार इतिहासात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यांना पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१पर्यंत टिकला. ते कट्टर ख्रिस्तीच होते. हा वाद ख्रिस्ती घरातला आहे, आणि तो यिर्मयाला वेठीला न धरताही घालता येतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. बाळाला भेटायला आलेले राजे तीनच होते असं बायबल सांगत नाही. भेटी तीन होत्या, आणि देणाऱ्यांना ‘राजे’ नव्हे, ‘ज्ञानी लोक’ म्हटलं आहे. बैल-गाढवही जन्मकथेत नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले. झाडावर पहिल्यांदा मेणबत्त्या मार्टिन लुथरने लावल्या, ही गोड गोष्ट त्याच्या काळातल्या एकाही कागदात सापडत नाही. सांताला लाल कपडे कोका-कोलाने दिले हेही खोटं. त्यांची जाहिरात १९३१ची, लाल सांता त्याआधीच चित्रांत होता.

आणि एक. कॅथलिक पंचांगात नाताळचा काळ चोवीसच्या संध्याकाळी सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, चालतो. ज्ञानी लोकांचा सणही त्यातच, ६ जानेवारीला येतो. तेव्हा नवं वर्ष लागल्यावरही शेजाऱ्याच्या गॅलरीत तारा दिसला, तर काढायला विसरलात का, असं त्याला विचारू नका.