जालना निवडणूक खटला

महाराष्ट्र विधानसभेच्या जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्‌भवलेला व भारतीय पुराव्याच्या कायद्यात महत्त्वाचा ठरलेला वाद. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर वसलेले जुना जालना व नवीन जालना हे शहराचे भाग या मतदारसंघात मोडतात. अर्जुन खोतकर (शिवसेना) व कैलास गोरंट्याल (तेव्हा काँग्रेस) हे येथील जुने प्रतिस्पर्धी. २०१४ मध्ये खोतकरांना ४५,०७८ व गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. अंतर अवघे २९६ मतांचे.

वाद मात्र मतमोजणीचा नव्हता. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये नामनिर्देशनपत्र दुपारी तीनपर्यंतच दाखल करता येते. २७ सप्टेंबर या अखेरच्या दिवशी खोतकरांनी ते मुदतीनंतर दिले, असा गोरंट्याल व एक मतदार यांचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणात ३ वाजून ५३ मिनिटे ही वेळ दिसत होती. अशा पुराव्यास भारतीय पुरावा अधिनियमाच्या ‘६५ ब’ कलमाचे प्रमाणपत्र लागते. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या साक्षीवरून चित्रीकरण ग्राह्य मानून २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती दिली.

अंतिम निकाल १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, भट व रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने दिला. प्रमाणपत्र अनिवार्य असून तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ साधनच न्यायालयात हजर केल्यास मात्र त्याची गरज नाही. पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. या शेवटच्या तत्त्वावर खोतकरांचे अपील खर्चासह फेटाळले गेले.

अमेरिकेत १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कोणासही बहुमत न मिळाल्याने प्रतिनिधिगृहाने सर्वाधिक मते मिळविणाऱ्या अँड्रू जॅक्सनऐवजी जॉन क्विन्सी ॲडम्स यांस निवडले. भारतात असा निर्णय विधिमंडळाकडे नाही. संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदानुसार निवडणूक अर्ज हाच एक मार्ग आहे. तो उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियम सांगतो. येथे अपिलासह सुमारे साडेपाच वर्षे लागली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपली होती आणि २०१९ ची निवडणूक गोरंट्याल यांनी जिंकलीही होती. २०२४ मध्ये खोतकर पुन्हा निवडून आले. पुरावा अधिनियमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून प्रमाणपत्राची तरतूद आता त्याच्या ६३ व्या कलमात आहे.