चंद्रपूरचे मनोरे आणि अणूबद्दलचे समज

चंद्रपूरहून ताडोब्याला निघालेल्या पाहुण्यांना ऊर्जानगरचे मनोरे दिसले, की गाडीत कुणीतरी विचारतंच, "इथे अणुभट्टी आहे का हो?" नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र निव्वळ कोळशावर चालतं. कमरेत निमुळते झालेले मनोरे पाणी थंड करतात आणि त्यांतून वर जाते ती वाफ. धूर निघतो तो शेजारच्या सरळसोट चिमण्यांतून. गंमत म्हणजे आपल्या तारापूरच्या खऱ्या अणुकेंद्रात असे मनोरेच नाहीत, तिथे थंडाव्याला समुद्राचं पाणी आहे. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतही अणुबाँब होत नाहीत, पारंपरिक दारूगोळा होतो.

गैरसमज : अणुकेंद्र कधीही बाँबसारखं फुटेल.
फुटणार नाही. बाँबला लागणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनात ते ३ टक्क्यांहूनही कमी. पण म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. साखळी प्रक्रिया थांबवली तरी भट्टीतलं इंधन कित्येक दिवस तापत राहतं आणि त्याला पाणी मिळालंच पाहिजे. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. त्सुनामीनं जनरेटर बुडवले, पंप थांबले, इंधन वितळलं आणि साठलेल्या हायड्रोजनचे स्फोट झाले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं. अणुकेंद्राबद्दल भीती बाळगायचीच तर ती ही, हिरोशिमाची नव्हे.

गैरसमज : वीज वेगळी, बाँब वेगळा, दोघांचा संबंध नाही.
हे सरकारी भाषणांत ऐकायला बरं वाटतं. ट्रॉम्बेची 'सायरस' ही संशोधन भट्टी कॅनडाच्या मदतीनं, शांततेच्या कामासाठी म्हणून उभी राहिली. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम तिच्यातलंच होतं. कॅनडानं अणुसहकार्य थांबवलं आणि अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी निर्यातीला कुंपण घातलं. प्रत्येक वीज केंद्रामागे बाँब दडलेला नसतो, पण विद्या एकाच घरातली आहे.

गैरसमज : किरण दिलेलं बियाणं किरणोत्सारी असतं.
एक्स-रे काढल्यावर माणूस किरणोत्सारी होत नाही, तसंच हे. गॅमा किरणांनी बियाण्याच्या गुणसूत्रांत बदल होतात, पुढच्या पिढ्यांतून चांगली झाडं निवडली जातात. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'टीएयू-१' हा उडीद असाच काढला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 'एचएमटी' धान निवडलं ते किरणांविना, शेतात आपसूक वेगळ्या दिसलेल्या लोंब्या हेरून. निवडीची नजर दोन्हीकडे तीच. एकीकडे बदल निसर्गानं केला, दुसरीकडे माणसानं.

गैरसमज : कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी.
अणुऊर्जेचे कैवारी हे वाक्य फार आवडीनं फेकतात. कोळशात युरेनियम आणि थोरियम अत्यल्प असतं आणि जळल्यावर ते राखेत एकवटतं, इतपत खरं. या वाक्यामागची मूळ तुलना होती ती कोळशाचं आणि अणूचं अशी दोन्ही केंद्रं नीट चालू असताना बाहेर सुटणाऱ्या किरणोत्साराची. वापरलेल्या अणुइंधनाशी राखेची बरोबरीच होत नाही. त्या इंधनातल्या प्लुटोनियम-२३९ ला निम्मं व्हायलाच सुमारे २४ हजार वर्षं लागतात.

राखेचा खरा त्रास किरणोत्साराचा नाहीच. आपल्याकडच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. तिचे ढीग, पाण्यात उतरणारे जड धातू आणि फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ, हे चंद्रपूरकरांच्या रोजच्या वाट्याचं आहे. तेव्हा वीज केंद्राच्या पुढच्या जनसुनावणीला जाल तर अणूची चर्चा बाजूला ठेवा आणि आधी राखेच्या बंधाऱ्याचा, हवेतल्या धुळीच्या आकड्यांचा हिशेब मागा.