फाल्गुनातले नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला गेला. पाणी अडले, तसा गाळही साचत गेला आणि उथळ पाणी, चिखलाची बेटे, पाणवनस्पती असा पसारा आपसूक उभा राहिला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नसावा. डॉ. सालिम अलींनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले. १९८६मध्ये ती अभयारण्य झाली आणि २०१९मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरली.

गर्दी उसळते ती डिसेंबर-जानेवारीत. पक्षी ओळखायला शिकायचे असेल, तर मात्र फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंतचा काळ अधिक सोयीचा. विणीनंतर नर बदके रंगीत पिसे टाकून मादीसारखा मळकट वेश घेतात. त्यामुळे ऑक्टोबरात येणारे थवे नवख्याला सारखेच दिसतात. फाल्गुनापर्यंत नरांचे रंग पुरते खुललेले असतात. थापट्याचे हिरवे डोके, भुवई बदकाची पांढरी भुवई, तलवार बदकाची टोकदार शेपटी दुर्बिणीतून चटकन ओळखू येते. चक्रवाकासारखे पाहुणे विणीसाठी लडाखपर्यंत जाणारे. संख्या रोज घटत असते, म्हणून उशीर परवडत नाही.

स्थानिक पक्षीही याच सुमारास कात टाकू लागतात. हिवाळाभर चिखलाशी एकरूप झालेल्या ढोकरीच्या पाठीवर लालसर तपकिरी झाक चढते. टिबुकलीचा गळा तांबूस होतो आणि चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका उठून दिसतो. जांभळी पाणकोंबडी तर थोडा वेळ थांबून पाहावी अशी. ती पाणगवताचा दांडा उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि लाल चोचीने सोलून खाते.

पाण्याचा हिशेब मात्र कालव्यांच्या हातात. आवर्तन सुटले की पातळी उतरते, उघड्या पडलेल्या गाळावर शेकाटे आणि पाणटिवळे चरायला उतरतात. पाणी फारच ओसरले, तर बदके दुसरा जलाशय गाठतात.

सुरतेच्या उत्तरेकडील कोसाडहून सापुतारा-नाशिकमार्गे येता येते, पण आदल्या रात्री नाशकात मुक्काम हवा. उजाडताच चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचावे, सूर्य पाठीशी ठेवावा. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते; दूरच्या बेटांवरील पक्ष्यांसाठी तिवईवरचा स्कोप लागतो. भडक कपडे टाळावेत. दुपारी हवा तापून थरथरू लागली की स्कोपही फारसा कामाचा राहत नाही.