भागानगरला जाताय? शिरूर अनंतपाळहून जुन्या राजधानीत दोन दिवस

शिरूर अनंतपाळ तालुक्यातून हैदराबादला माणसं जातात ती बहुतेक कामापुरती. कुणी दवाखान्याला, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, कुणी मुलाला नोकरी लागली म्हणून त्याची खोली लावून द्यायला. काम झालं की रात्रीची गाडी धरून परत. चारमिनार रिक्षातून दिसला तर दिसला.

हे शहर नुसतं जवळचं मोठं शहर नाही. 1956 पर्यंत ती आपली राजधानी होती. आपले पणजोबा ज्या सरकारला सारा भरत, ते सरकार तिथं बसत होतं. त्यामुळे पुढच्या वेळी कामाला दोन दिवस जोडा आणि हे शहर नीट बघून या.

आपली राजधानी कशी

निजामाच्या राज्याची पहिली राजधानी औरंगाबाद. अठराव्या शतकात ती हैदराबादला गेली आणि मराठवाड्याचा कारभार तिथून चालू लागला. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता. तो 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि शिरूर अनंतपाळला तालुक्याचा दर्जा मिळाला 1999 साली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. तरी 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो. 1952 च्या निवडणुकीनंतर मराठवाड्याचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसत. पब्लिक गार्डनमधली ती पांढरी इमारत, मूळचा टाउन हॉल, बाहेरून तरी बघावी.

हा संबंध कागदावर आजही जिवंत आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या समितीला जुनं दप्तर धुंडाळायला हैदराबादच गाठावं लागलं.

कसं आणि कधी जावं

शिरूरहून उदगीर गाठलं की परळी-विकाराबाद मार्गावरची रेल्वे मिळते. रस्त्यानं भालकी, बिदर, जहीराबाद असा सरळ मार्ग आहे. स्वतःची गाडी असेल तर बिदरला दोन तास थांबाच. बहमनींची ही राजधानी. तिथला महमूद गवानचा मदरसा 1472 चा आहे आणि त्याच्या मनोऱ्यावरच्या रंगीत फरशा अजून टिकून आहेत.

दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. शुक्रवार मात्र टाळा, कारण सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही त्या दिवशी बंद असतात. शहरात फिरायला मेट्रो सोयीची. महात्मा गांधी बस स्थानकाला लागूनच तिचं स्टेशन आहे.

पहिला दिवस: चारमिनार आणि मुसीचा काठ

चारमिनार सकाळी लवकर बघावा, दुकानं उघडण्याआधी. 1591 मध्ये महंमद कुली कुतुबशहानं शहर वसवलं, तेव्हाचीच ही वास्तू. वरच्या मजल्यावर मशीद आहे, हे खालून जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं. शेजारच्या मक्का मशिदीचं काम कुतुबशहांनी सुरू केलं आणि औरंगजेबाच्या काळात ते पुरं झालं. तिच्या आवारात काही निजामांच्या कबरी आहेत. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घ्याव्यात. पहिला भाव ऐकून घाबरू नका आणि तो देऊही नका. चौमहल्ला जवळच आहे, निजामाचा दरबार तिथं भरायचा. झुंबरांखालच्या त्या संगमरवरी चौथऱ्यासमोर थोडं उभं राहावं. आपल्या गावच्या सारावसुलीचा पैसा शेवटी कुठं जायचा, ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

दुपारी नया पूल गाठा. मुसी नदीच्या काठावर उच्च न्यायालयाची लाल दगडाची इमारत, पलीकडे उस्मानिया दवाखाना आणि शेजारी जुनं आसफिया ग्रंथालय असा देखावा आहे. 28 सप्टेंबर 1908 ला या नदीला महापूर आला आणि हजारो माणसं वाहून गेली. दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असं सांगतात. ते झाड अजून आहे. पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. मला या शहरातलं ते चिंचेचं झाड सगळ्या राजवाड्यांपेक्षा मोठं वाटतं.

सालारजंग संग्रहालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. अर्धा दिवस हाताशी असेल तरच आत शिरा. बुरख्याआडची रिबेका हे बेंझोनीचं संगमरवरी शिल्प तिथं आहे. दगडातून झिरझिरीत कापड कसं दिसू शकतं, ते समोर उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

मराठी माणसाच्या खुणा

कोटी, गौळीगुडा, काचीगुडा या भागांत जुनी मराठी वस्ती आहे. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1922 पासूनचं, आणि विवेकवर्धिनी शाळा त्याहूनही जुनी. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू असताना इथल्या लोकांनी पदरमोड करून मराठी शाळा आणि ग्रंथालय चालवलं. तिथं डोकावून एखादं पुस्तक चाळून यावं.

उस्मानिया विद्यापीठही बघावं. 1938 मध्ये वंदे मातरम् गाण्यावर बंदी आली, ती मुलांनी मोडली आणि त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. त्यातले कित्येक नागपूरला जाऊन शिकले. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांचं स्मारक आहे. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामीजी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. 22 जानेवारी 1972 ला ते गेले. मराठवाड्याच्या माणसानं इथं हात जोडल्याशिवाय परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दिवस: गोवळकोंडा

गोवळकोंड्याला सकाळीच जा. उन्हं तापली की ग्रॅनाइटच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि त्या साडेतीनशेच्या वर आहेत. पायथ्याच्या दरवाजात घुमटाखाली टाळी वाजवली की ती थेट माथ्यावरच्या बारादरीत ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी देण्याची ही सोय. याच कुतुबशाहीच्या राजधानीत, भागानगरात म्हणजे हैदराबादेत, 1677 च्या सुरुवातीला शिवाजी महाराज आले होते. दक्षिण दिग्विजयाच्या आधी अबुल हसन कुतुबशहाशी त्यांनी तह केला, त्यात मादण्णा आणि आकण्णा या बंधूंचा मोठा वाटा होता. त्यानंतर दहाच वर्षांत, 1687 मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. उतरताना कुतुबशाही कबरी बघून घ्या, त्या किल्ल्यापासून जवळच आहेत.

संध्याकाळ हुसेनसागरच्या काठी काढावी. लेकरं सोबत असतील तर बिर्ला तारांगण आणि नेहरू प्राणिसंग्रहालय आहेच. जानेवारीत गेलात तर नामपल्लीचं नुमाइश प्रदर्शन चुकवू नका. ते 1938 पासून भरतं.

खाणं आणि बोलणं

इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट कुठल्याही जुन्या हॉटेलात मिळतं. बिर्याणीची चव जुन्या शहरात जास्त मुरलेली लागते. शाकाहारी माणसाचीही उपासमार होत नाही.

तेलुगू येत नाही म्हणून बिचकू नका. जुन्या शहरात दखनी चालते आणि तिच्यात आपलीच मराठी मिसळलेली आहे. ‘नक्को’ म्हणजे आपलं नको. जोर देताना शब्दाला ‘च’ लावायची त्यांची सवयही आपलीच. उदगीर-निलंग्याच्या बाजारात जे हिंदी आपण बोलतो, ते तिथं पुरतं.

एक विनंती. जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, ते शक्य नसेल तर निघण्याआधी त्यांच्याजवळ बसून निजामाच्या सशस्त्र पाठीराख्या रझाकारांच्या काळातल्या गोष्टी ऐकून घ्या. त्या आठवणी सांगणारी माणसं आता गावोगावी फार थोडी उरली आहेत.