फोटोमॉन्टाज (वास्तुकला)

वास्तुकलेतील फोटोमॉन्टाज म्हणजे नियोजित इमारतीचे चित्र तिच्या प्रत्यक्ष जागेच्या छायाचित्रावर बसवून तयार केलेले दृश्य होय. वास्तुस्पर्धा, प्रदर्शने आणि बांधकाम परवानगीची प्रक्रिया यांत अशी दृश्ये मोठ्या फलकांवर मांडली जातात. इमारत उभी राहण्यापूर्वीच परिसरावरील तिचा परिणाम यावरून जोखला जात असल्याने छायाचित्राची अचूकता निर्णायक ठरते.

इतिहास

लुडविग मीस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुविशारदाने १९२१ मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिखश्ट्रासे या रस्त्यावरील काचेच्या गगनचुंबी इमारतीचा आराखडा केला. त्यासाठी त्याने रस्त्याच्या छायाचित्रांवर इमारत रेखाटली. ती कधीच बांधली गेली नाही. तरीही या चित्रांमुळे ती आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

यथादर्शन आणि प्रकाश

छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचे स्थान, जमिनीपासूनची उंची, दिशा आणि भिंगाचे नाभीय अंतर यांची नोंद करतात. हीच मूल्ये संगणकातील त्रिमितीय प्रतिकृतीच्या आभासी कॅमेऱ्याला दिली जातात. त्यानंतर विजेचे खांब, भिंतींचे कोपरे अशा मोजलेल्या खुणा जुळतात का, हे तपासले जाते. क्षितिजरेषा चुकल्यास इमारत तरंगल्यासारखी किंवा जमिनीत रुतल्यासारखी दिसते.

सावल्या जुळण्यासाठी छायाचित्राची तारीख व वेळही आवश्यक असते. उदाहरणार्थ, मुंबईत साधारणतः मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे सावली दक्षिणेकडे पडते. वर्षाच्या उरलेल्या काळात ती उत्तरेकडे पडते.

आकार आणि पाहण्याचे अंतर

ए-० आकाराचा फलक १,१८९ मिमी रुंद असतो. ६,००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र त्यावर पूर्ण रुंदीत छापल्यास दर इंचास सुमारे १२८ पिक्सेल मिळतात. पुस्तकाच्या छपाईसाठी साधारणपणे ३०० पिक्सेल अपेक्षित असले, तरी फलक दुरून पाहिला जात असल्याने ही सुस्पष्टता पुरेशी ठरते. अधिक तपशील हवा असल्यास अनेक छायाचित्रे जोडून एक चित्र करतात.

चित्रातील यथादर्शन प्रत्यक्षासारखे भासण्यासाठीचे अंतर म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर गुणिले छायाचित्राची वाढ. ३६ मिमी रुंद संवेदकाचा कॅमेरा व ५० मिमी भिंग वापरल्यास वरील फलकासाठी ते सुमारे १.६५ मीटर येते. २४ मिमी भिंगासाठी ते जेमतेम ०.८ मीटर भरते. अशा फलकापासून दूर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला इमारत प्रत्यक्षात दिसेल त्यापेक्षा लहान वाटते.

विश्वासार्हता

उंच इमारतीचा परिणाम सौम्य भासवण्यासाठी रुंद कोनाच्या भिंगाचा असा उपयोग होऊ शकतो. ब्रिटनमधील लँडस्केप इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच सर्वसाधारणपणे ५० मिमी भिंग प्रमाण मानले आहे. भिंग, स्थान आणि पाहण्याचे अंतर फलकावरच नमूद केल्यास नागरिकांनाही दृश्याची पडताळणी करता येते.