देव आणि दाखले

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. २०१९ च्या जुलैअखेरीस ते पुन्हा आले. २७ जुलै रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांची सुखरूप सुटका झाली आणि ती वार्ता देशभर गेली. त्याच सुमारास हेंद्रेपाड्यातील तळमजल्यावरची कुटुंबे हाती लागेल ते सामान जिन्याने वर चढवीत होती. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी सर्वप्रथम दोनच गोष्टी वर नेल्या: देव्हाऱ्यातील देव आणि मुलांचे शाळेचे दाखले. फ्रिज, कपाट, गाद्या पाण्यात गेल्या. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही निवड आजही विचारात पाडते.

आमचे शास्त्र प्रगती मोजते ती उत्पन्नाने. वास्तविक राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येणार नाही. पूर ओसरल्यावर शेजाऱ्यांनी कर्ज काढून नवा फ्रिज घेतला, भिंती रंगविल्या, तारा बदलल्या. हा सर्व खर्च उत्पन्नात भर म्हणून धरला जातो. दर पावसाळ्यात उडणारी झोप मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून प्रगती खोटी, असे मात्र मी म्हणणार नाही. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. मुंबईतील चाळीच्या एका खोलीतून येथे आलेल्या कारकुनाला स्वतःच्या नावाचे घर मिळाले, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु त्याची किंमत तो केवळ हप्त्यांनी फेडीत नाही. जाण्यायेण्यात रोजचे साडेतीन तास धरले, तर कामाच्या तीनशे दिवसांत १०५० तास होतात. म्हणजे वर्षातील जवळजवळ चव्वेचाळीस अहोरात्र!

या प्रवासात माणसे तग धरतात कशी? सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजू लागले की त्याचे उत्तर मिळते. भजनात रमलेला प्रत्येक जण मोठा भाविक असतो असे नाही. पण एखादा दोन दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी होते. कुणाच्या घरी आजारपण आले, तर वर्गणी जमते. श्रद्धेने दिलेली ही सोबत मनःस्वास्थ्याचा मोठा आधार आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार आम्हा पुस्तकी पंडितांना नाही.

तथापि श्रद्धेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर आला की ‘देवाची करणी’ म्हणून आपण हात जोडतो. पाऊस देवाचा असेल. पण नदीच्या पूररेषेत इमारत उभारण्याची परवानगी माणसाच्या सहीने मिळते, आणि नाल्यावर भराव माणूसच घालतो. हा हिशेब देवाच्या नावावर मांडणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस होय. आणि त्या आळसाचा लाभ सही करणाऱ्यांनाच होतो.

शेजाऱ्यांची ती निवड मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. दाखले म्हणजे मुलांच्या उद्याची आशा, देव म्हणजे आजचा धीर. दोहोंपैकी एकच घ्या, असा आग्रह त्यांनी धरला नाही. पाणी ओसरल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. भिंतीवर पाणी जिथवर चढले होते, तिथे पेन्सिलीने रेघ ओढली आणि नवा देव्हारा त्या रेघेच्या वर बसविला. देवावर विसंबूनही पाण्याची उंची ते विसरले नाहीत. एका सामान्य गृहस्थाला जे उमगले, ते शहराचे नकाशे मंजूर करणाऱ्यांना उमगावे, एवढा आग्रह तरी आपण नागरिकांनी धरावयास हवा.